आजारी मुसाफिराचा हक्क

हजला निघालेल्या माणसाला निरोप द्यायला सगळा मोहल्ला लोटतो. फुलांचे हार, डोळ्यांत पाणी आणि प्रत्येकाची कानाशी एकच विनंती : तिथे गेल्यावर आमच्यासाठी दुआ करा. मुलाच्या नोकरीसाठी, मुलीच्या लग्नासाठी, कोर्टात अडकलेल्या दाव्यासाठी. निघणाऱ्याचे वय साठ-पासष्ट असते, साखर असते, रक्तदाब असतो, एका गुडघ्यात कळ असते. तरी "गोळ्या किती दिवसांच्या घेतल्या?" असे विचारणारा त्या गर्दीत क्वचितच भेटतो. हा प्रश्न त्या प्रसंगाला शोभत नाही असे आपल्याला वाटते. पवित्र प्रवासाला निघालेल्याशी आजाराचे बोलणे अशुभ, असा आपला समज आहे. 'अशुभ' हा शब्द आपल्या दीनमध्ये बसत नाही, पण समज मात्र मनात घट्ट बसलेला आहे.

माणूस आजारी मात्र पडतोच. घरी पडला तर शेजारी धावतो, ओळखीचा डॉक्टर उधारीवर औषध देतो, भाऊ रिक्षा आणतो. परक्या मुलखात पडला की यातले काहीच नसते. भाषा परकी, चलन परके, नाव विचारणाऱ्याला ते नीट लिहिताही येत नाही. अशा माणसाचे देणे कोण लागतो? ज्या देशात तो पडला तो देश, ज्याने त्याला पासपोर्ट दिला तो देश, खोलीतले सोबती, विमा कंपनी, की फक्त तो स्वतः? आणि त्याला मिळणारा उपचार हे खरोखर देणे आहे, की उपकार? हज हा आपल्या परिचयाचा प्रवास आहे म्हणून मी तिथली उदाहरणे घेतो. पण प्रश्न दुबईला कामाला गेलेल्या पोराचाही आहे आणि लंडनला नातवंडे पाहायला गेलेल्या आजीचाही.

कुरआन वाचणाऱ्याच्या एक गोष्ट सहज लक्षात येईल. सवलतीची वेळ आली की आजारी आणि प्रवासी या दोघांची नावे तिथे बहुतेक एका दमात येतात. रोजे पुढे ढकलण्याची मुभा सूरह बकराने दोघांना एकत्र दिली आहे. पाणी नसेल तर तयम्मुम करण्याची मुभा सूरह निसा आणि सूरह माइदा यांत पुन्हा याच जोडीला आहे. सूरह मुज्जम्मिलच्या शेवटच्या आयतीत रात्रीच्या इबादतीचा भार हलका करताना आधी आजाऱ्यांचा आणि लगेच रोजीरोटीसाठी जमिनीवर फिरणाऱ्यांचा उल्लेख होतो. ही जोडी योगायोगाने जुळली असे मला वाटत नाही. आजाऱ्याचे शरीर त्याच्या हुकमात राहिलेले नसते, प्रवाशाचा परिसर त्याच्या हुकमात नसतो. दोघांनाही नेहमीच्या मापाने मोजणे अन्याय आहे. मग ज्या एकाच माणसात हे दोघे एकत्र येतात त्याची अवस्था काय वर्णावी!

जकातीचे आठ हकदार आपण मदरशात पाठ केलेले असतात. त्यांत शेवटचा 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेचा पुत्र. फुकहांनी त्याच्याविषयी जे म्हटले आहे ते फार मोलाचे आहे. हा माणूस आपल्या गावी श्रीमंत असला, तरी वाटेत अडकून हात रिकामा झाला असेल तर तो जकातीला पात्र आहे. त्याची गरज तो जिथे उभा आहे तिथे मोजायची. गावाकडच्या बागायतीवरून किंवा दुकानावरून नाही. आजच्या कुठल्याही परदेशी इस्पितळाच्या काउंटरवर नेमका उलटा हिशोब चालतो. तिथे आधी विचारतात, तुमच्या मागे कोण आहे, कार्ड कुठले आहे, अनामत किती भरता. वाटेच्या पुत्राला बाप विचारण्यासारखे आहे हे.

इस्लामी इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर दगड-विटांत बांधलेले सापडते. दमास्कसमध्ये नूरुद्दीन झंगीने ११५४ साली बीमारिस्तान, म्हणजे इस्पितळ उभारले. तीस वर्षांनी, ११८४ साली, अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर तिथे पोहोचला. इमारतीखेरीज तिथल्या कारकुनांच्या नोंदवह्याही त्याच्या नजरेत भरल्या. त्यांत रोग्यांची नावे लिहिलेली होती आणि कोणाला औषधाला, अन्नाला किती लागते याची नोंद होती. मला ही नोंदवही त्या इमारतीपेक्षा मोठी वाटते. परक्या माणसाचे नाव कोणीतरी लिहून घेतले, याचा अर्थ तो आता बेवारस राहिला नाही.

पुढे त्याच शहरात एक मामलुक सरदार मोहिमेवर असताना आजारी पडला. साल १२७६च्या आसपासचे. पोटात असह्य कळा. हकिमांनी नूरुद्दीनच्या इस्पितळातून औषधे आणवली आणि तो वाचला. बरा झाल्यावर घोड्यावर बसून तो ते इस्पितळ पाहायला गेला, आणि अल्लाहने राज्य दिले तर असेच बांधीन असा त्याने नवस केला. हा सरदार म्हणजे सैफुद्दीन कलावून. १२७९ साली तो मिसरचा सुलतान झाला आणि १२८४ साली कैरोत त्याचे प्रचंड इस्पितळ उभे राहिले. त्याच्या वक्फनाम्यात रहिवासी आणि परका, धनवान आणि गरीब, सबळ आणि दुबळा यांत भेद करायचा नाही अशी तरतूद होती. परमुलखात कळा सोसलेल्या माणसाने 'परका' हा शब्द दस्तऐवजात घातला, यात मला आश्चर्य वाटत नाही. राजवाड्यात सोसल्या असत्या तर तो शब्द त्याला सुचला असता का, कोण जाणे.

वक्फ म्हटले की हल्ली आपल्याला कब्रस्तानाची हद्द आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. पण आजाऱ्याच्या बाजूने पाहिले तर वक्फाची खरी खुबी अशी की देणारा मरून गेलेला असतो. रोग्याला कोणा जिवंत माणसासमोर मान तुकवावी लागत नाही. दुकाने, शेते, हमामखाने यांचे उत्पन्न येत राहते आणि त्यातून औषध मिळत राहते. उपकाराचे ओझे त्यातून निघून जाते आणि उरतो तो हक्क.

याच रस्त्यांचा दुसराही एक इतिहास आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १८६५ साली हजच्या वेळी कॉलरा पसरला, हजारो हाजी दगावले आणि परतणाऱ्यांबरोबर तो इजिप्तमार्गे युरोपात पोहोचला. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिथून पुढे हिंदुस्थानातून येणारा हाजी हा जगाच्या नजरेत पाहुणा कमी आणि संशयित जास्त झाला. १८८२ साली लाल समुद्रातल्या कामरान बेटावर उस्मानी सरकारने क्वारंटाइनचे ठाणे सुरू केले. मुंबईहून निघालेल्या जहाजांना तिथे थांबावे लागे. कपडे वाफेत घालत, दिवस मोजत आणि त्याचा आकारही हाजींकडूनच वसूल करत. जहाजाचा प्रवास १९९५ साली बंद झाला, तेव्हा त्या प्रवासाच्या आठवणी सांगणारी माणसे कोकणात अजून आहेत. समुद्रात दगावलेल्याचे दफन समुद्रातच होई, हे ती सांगतात तेव्हा आवाज खाली जातो.

कामरानच्या कहाण्या ऐकून संताप येतो. पण रोग परक्या माणसाबरोबर प्रवास करतो हे खोटे नाही. १९८७ साली हजच्या काळात मेंदूज्वराची साथ आली आणि हाजींबरोबर अनेक देशांत गेली. २०००-०१ मध्ये त्याच रोगाच्या दुसऱ्या प्रकाराने पुन्हा तेच केले. म्हणून २००२पासून चार प्रकारांविरुद्धची लस प्रत्येक हाजीला सक्तीची आहे. ही सुई टाळण्यासाठी ओळखीच्या कंपाउंडरकडून नुसते कार्ड भरून आणणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यांना वाटते, ही सुई आपल्यासाठी आहे आणि आपण ठणठणीत आहोत. त्या सुईचा निम्मा हिस्सा तंबूत शेजारी झोपणाऱ्या नायजेरियाच्या किंवा इंडोनेशियाच्या माणसाचा आहे. तो चोरून आणलेल्या कार्डावर तवाफ कसा करायचा, हे त्यांनीच ठरवावे.

हक्काचा विचार केला की आजाऱ्याच्या कर्तव्याचाही करावा लागतो, आणि इथे आपल्या समाजात एक मोठी अडचण आहे. "तिथली माती नशिबी आली तर काय हवे?" हे वाक्य प्रत्येक हज-निरोपाला ऐकू येते. मक्का-मदिनेत मरण यावे ही इच्छा मी थट्टेची मानत नाही. ज्यांनी आयुष्यभर दाणा दाणा जमवून हा प्रवास केला त्यांच्या मनातली ती सर्वांत कोमल गोष्ट असते. पण तिचा उपयोग गोळी न घेण्यासाठी, ताप लपवण्यासाठी, सलाईन लावू न देण्यासाठी होऊ लागला की ती इच्छा राहत नाही, आत्महत्येच्या वाटेवरचा निष्काळजीपणा होतो. जीव ही अमानत आहे असे आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. अमानत परत मागितली तर द्यायची असते. ती रस्त्यात टाकून द्यायची नसते.

या संदर्भात इब्न बतूताचे उदाहरण नेहमी दिले जाते. १३२५ साली एकवीस वर्षांचा तो तंजाहून हजला निघाला, वाटेत बिजाया शहरात तापाने फणफणला. सोबत्याने थांबायचा सल्ला दिला. त्याने ऐकले नाही. मरण यायचे असेल तर हिजाजच्या वाटेवर येऊ दे, असे त्याचे म्हणणे होते. अशक्तपणामुळे पडू नये म्हणून त्याने पागोट्याने स्वतःला खोगिराशी बांधून घेतले. वाइज लोक कथा इथे संपवतात. पण त्यानेच पुढे-मागे लिहिलेल्या दोन गोष्टी ते सांगत नाहीत. पहिली ही, की त्याच सोबत्याने त्याला आपले जनावर आणि तंबू वापरायला दिला, नाहीतर तो पुढे जाऊच शकला नसता. दुसरी ही, की ट्युनिसला पोहोचल्यावर बाकीच्यांना घ्यायला आप्त आले, सलाम-मुसाफा झाला, आणि याच्याकडे कोणी पाहिले नाही तेव्हा हा धडधाकट इच्छेचा तरुण ढसाढसा रडला. काफिल्यातल्या एका हाजीने जवळ येऊन त्याला धीर दिला. त्याची हिंमत खरी होती. पण तिला चालवणारे जनावर दुसऱ्याचे होते.

शरियतने तर आजाऱ्यासाठी वाट आधीच मोकळी ठेवली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची चुलतबहीण हजरत जुबाआ आजारी होती आणि हजला जाऊ इच्छीत होती. तिला सांगण्यात आले की इहराम बांधतानाच शर्त घाल. जिथे आजाराने अडवले जाईल तिथे इहराम सुटेल. बुखारी आणि मुस्लिम दोहोंत हा प्रसंग आहे. आपले कोकणी बांधव शाफई. त्यांच्या मजहबात ही शर्त ग्राह्य आहे. घाटावरचे आपण बहुतेक हनफी. आपल्याकडे शर्तीला तेवढे स्थान नाही, पण आजार हाच मुळात अडथळा मानला जातो आणि कुर्बानी पाठवून इहराम सोडता येतो. कितीही मतभेद असोत, तापाने पडलेल्या माणसाला फरपटत नेण्याची सक्ती दोघांकडेही नाही. ज्याची प्रकृती कायमची खचली त्याच्यासाठी हज्ज-ए-बदल आहे. मग आपण ज्याला दीनदारी समजतो तो हट्ट आला कुठून?

तो हट्ट आधी घरी सुरू होतो, तंदुरुस्तीच्या दाखल्यापाशी. हज कमिटीला वैद्यकीय तपासणीचा दाखला द्यावा लागतो. हृदयात स्टेंट असलेले वडील "काही त्रास नाही" म्हणतात, मुलगा मान हलवतो, डॉक्टर घाईत सही करतो. इतक्या वर्षांनी नंबर लागला, आता आजाराने अडवू नये, ही भावना मला समजते. पण हे लपवणे फक्त स्वतःशी होत नाही. मिनाच्या तंबूत रात्री दोन वाजता छातीत कळ आली की शेजारच्या चौघांचा हज त्या कळेभोवती फिरू लागतो. कोणी धावतो, कोणी स्ट्रेचर शोधतो, कोणाची कंकरी राहते. ते सगळे करतील, आनंदाने करतील. पण त्यांना आधी माहीत असण्याचा हक्क होता. डॉक्टरला तर त्याहून अधिक. बेशुद्ध माणसाच्या पिशवीत रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याची चिठ्ठी नसेल तर परक्या डॉक्टरने काय करावे? आपल्या दुकानात मिळणारे गोळीचे नाव कंपनीने ठेवलेले असते. ते नाव तिथे कोणाला ठाऊक नसते. औषधाचे मूळ नाव लिहून घेणे, इन्सुलिन सामानाच्या पोटात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवणे, साखर असलेल्याने तवाफनंतर रोज रात्री तळपाय पाहणे (बधिर पायाला संगमरवरावरचा फोड कळत नाही) या गोष्टी हजच्या तालीम-वर्गात मनासिकइतक्याच गांभीर्याने सांगितल्या गेल्या पाहिजेत. तिथे डॉक्टरला शेवटची पंधरा मिनिटे मिळतात आणि लोक जोहरच्या वजूला उठलेले असतात. खसखशीची बंदी मात्र आता सर्वांना पाठ झाली आहे. सौदीत ती अमली पदार्थांत मोडते आणि लाडवांतूनही नेता येत नाही. काही वेदनाशामक गोळ्यांनाही तिथे तसाच कडक नियम आहे, हे तितके पाठ झालेले नाही.

मग तिथे गेल्यावर काय होते? हजच्या काळात सौदी सरकारी इस्पितळांत हाजींवर मोफत उपचार होतात, आणि भारत सरकारही डॉक्टर-परिचारिका पाठवून मक्का-मदिनेत आपले दवाखाने चालवते. आपण सगळ्यावर टीका करतो म्हणून हेही सांगितले पाहिजे. यातली एक रीत मला सर्वांत हृद्य वाटते. मदिनेत इस्पितळात पडलेल्या हाजींना रुग्णवाहिकांच्या ताफ्यातून मक्केला आणतात, आणि अरफातच्या दिवशी हालवता येण्याजोग्या रुग्णांना तिथल्या मैदानात नेतात, कारण अरफातशिवाय हज नाही. वैद्यकशास्त्राच्या कोरड्या हिशोबात हे बसत नाही. आजाऱ्याला चाळीस अंशांवर कशाला हलवायचे? पण हा माणूस घर सोडून कशासाठी आला होता, हे त्या इस्पितळाने लक्षात ठेवले. प्रवासी आजाऱ्याचा उपचार म्हणजे त्याचे शरीर दुरुस्त करून विमानात बसवणे एवढाच असतो का, या प्रश्नाला इतके सरळ उत्तर मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

भाषेचे काय? आपली खाला डॉक्टरला सांगते, "जीव घाबरा होतोय." मधला माणूस ते हिंदीत 'घबराहट' करतो, पुढचा इंग्रजीत त्याला भीती म्हणतो, आणि इजिप्तच्या डॉक्टरपर्यंत पोहोचेस्तोवर हृदयविकाराचे लक्षण मनाची चिंता बनलेले असते. तो झोपेची गोळी लिहून देतो. दोष कोणाचा? ठणका, चमक, मुरडा, कळ, उमासे, गुंगी : प्रत्येक शब्दामागे वेगळा आजार आहे आणि परमुलखात हे सगळे शब्द एका 'दर्द'मध्ये बुडतात. माणूस परका आहे म्हणजे नेमके काय, ते इथे कळते. त्याच्याजवळ दुःख असते, पण ते पोहोचवणारा शब्द नसतो. म्हणून मराठी समजणारी एक परिचारिका त्या वॉर्डात असणे ही सोय नसून उपचाराचाच भाग आहे, असे माझे मत आहे.

आता सर्वांत अवघड प्रसंगाकडे येतो. जून २०२४च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला. सौदी सरकारने जाहीर केलेला मृतांचा आकडा १,३०१; त्यांतले ८३ टक्के परवान्याविना आलेले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २१ जूनला भारतीय मृतांचा तोवरचा आकडा ९८ सांगितला आणि जुने आजार व वार्धक्य ही कारणे त्यांत होती. परवाना नसलेल्यांना थंड तंबू नव्हता, बस नव्हती. ते उन्हातून मैलोन्मैल चालले. बरेचसे भेटीच्या व्हिसावर आलेले, एजंटाला पैसे देऊन. इजिप्तने त्यानंतर सोळा पर्यटन कंपन्यांचे परवाने रद्द केले.

त्यांच्याविषयी आपल्याकडच्या हाजींचा सूर मी ऐकला आहे. आम्ही नियमाने फॉर्म भरला, वर्षानुवर्षे थांबलो, लाखो रुपये मोजले. हे मागच्या दाराने आले, आमच्या वाटच्या पाण्यात आणि सावलीत वाटेकरी झाले, आणि आता यांच्यासाठी रुग्णवाहिकाही अडवायच्या? हा राग खोटा नाही. परवाना ही नुसती कागदी अट नाही; किती माणसांना किती खाटा, किती पाणी लागेल हे त्यावरून ठरते. तो मोडणारा दुसऱ्याच्या सुरक्षिततेतून काही काढून घेतो. इब्नुस्सबीलच्या चर्चेतही अनेक फुकहांनी गुनाहच्या कामासाठी निघालेल्या प्रवाशाला वेगळे काढले आहे. म्हणजे प्रश्न जुनाच आहे.

तरीही मला वाटते की इथे दोन वेळा वेगळ्या करायला हव्यात. सीमेवर, विमानतळावर, चौकीवर त्याला अडवण्याचा अधिकार राज्याला आहे. तिथे परत पाठवले तर माझी तक्रार नाही. पण तो उन्हाने कोसळला की त्या क्षणापुरता तो फक्त आजारी मुसाफिर आहे. त्याचा गुन्हा उद्या तपासता येईल, त्याच्या शरीराचे तापमान उद्या उतरवता येणार नाही. सौदी आरोग्यमंत्र्यांनी त्या वर्षी सांगितलेल्या ४,६५,००० विशेष उपचारांपैकी १,४१,००० परवाना नसलेल्यांना दिलेले होते. म्हणजे इस्पितळाच्या दारात कागद मागून कोणाला परत लोटले असे चित्र यातून दिसत नाही. मग एवढी माणसे का गेली? माझ्या समजुतीप्रमाणे बरीचशी त्या दारापर्यंत पोहोचलीच नाहीत. काहींना तेवढे चालण्याची ताकद राहिली नाही. आणि जो आठवडाभर पोलिसांना चुकवत फिरतो, त्याला पांढऱ्या कोटातही पोलीसच दिसतो. डॉक्टर तुझे नाव कोणाला सांगणार नाही, हे उपचाराआधी कोणीतरी मोठ्याने सांगावे लागते, आणि वारंवार सांगावे लागते. नियम मोडणाऱ्याने आपल्या चुकीचा वाटा उचलावाच. एजंटाने त्याहून मोठा उचलावा. पण उन्हात पडलेल्याशेजारून जाणाऱ्या परवानाधारक हाजीच्या हातात पाण्याची बाटली असेल, तर तिच्यावर परवाना क्रमांक छापलेला नसतो.

विम्याने हा सगळा प्रश्न सुटेल असे मानणारे आता पुष्कळ आहेत. २०२०पासून उमराहच्या व्हिसातच विमा जोडलेला असतो, चांगले झाले. पण विमा हा करार आहे. त्यात काय बसते आणि काय बसत नाही हे आधीच लिहिलेले असते. बहुतेक प्रवास-विम्यांत जुना आजार वगळलेला असतो, किंवा आधी सांगावा लागतो; दाखल्यावर लपवलेला स्टेंट इथे पुन्हा आडवा येतो. आखातात कामाला गेलेल्या आपल्या मुलांना हे चांगले ठाऊक आहे. कार्ड चालू असेतोवर ते रुग्ण असतात. नोकरी गेली की त्याच शरीराचा त्याच दारात आधी हिशोब होतो. करार हवाच, पण करार संपतो तिथे काही उरते की नाही, हे विचारायचे राहते.

हे सारे सौदीला किंवा दुबईला विचारणे सोपे आहे. आपल्या मुंबईत येमेन, इराक, सुदान, टांझानियाचे लोक उपचारांसाठी येतात. मोहम्मद अली रोडवर, भेंडीबाजारच्या आसपास ते खोली शोधत, फाइल बगलेत धरून फिरताना दिसतात. त्यांच्यासोबत आलेली बायको किंवा भाऊ इथेच तापाने पडतो आणि त्याच्याकडे वैद्यकीय व्हिसा नसतो, फाइलही नसते. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात म्हटले आहे की तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, कायद्याचे सोपस्कार नंतर. ज्या एकविसाव्या कलमाचा आधार तिथे घेतला ते जीविताचे संरक्षण 'व्यक्ती'ला देते. नागरिक असण्याची अट त्यात नाही. म्हणजे आपल्या घटनेनेही वाटेचा पुत्र ओळखला आहे. कागदावर तरी. प्रत्यक्षात त्या येमेनी माणसाच्या भावाला गल्लीतल्या दवाखान्यात कोणी नेत नाही, नेले तर अनामत मागतात, आणि टॅक्सीवाला अरबी चेहरा पाहून भाडे तिप्पट सांगतो. आमच्या मोहल्ल्यातल्या मदरशात अरबी शिकवणारे आठ-दहा उस्ताद आहेत. बाजारी अरबी आणि किताबी अरबी यांत फरक आहे हे मान्य. पण "कुठे दुखते, कधीपासून" एवढे विचारण्यापुरती ती पुरेल. मशिदीच्या फलकावर जकातीचा निसाब लिहितो त्याच्या खाली त्या उस्तादांपैकी दोघांचे फोन नंबर आणि जवळच्या सरकारी इस्पितळाचा पत्ता अरबीत लिहावा, अशी सूचना मी मागच्या रमजानमध्ये ट्रस्टींपुढे ठेवली. एकाने विचारले, आणि बिल कोण भरणार? चर्चा अजून चालू आहे.